चौदावी दुरुस्ती

अमेरिका मी पाहिलेली नाही.
पाच दिनार तासाला घेते आणि शिकवते,
कुवेतच्या साल्मियात, बकाल्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसून.
आदल्या रात्री नवरा झोपला की उद्याचा धडा वाचते,
पेन्सिलीनं खुणा करते,
आणि संध्याकाळी बोलते अशी
की जणू माझं माहेरच फिलाडेल्फियाचं.

कोरेगावच्या शाळेत पुरंदरचा तह शिकवायचे तेव्हा
तेवीस किल्ले मोजायला दोन हात पुरायचे नाहीत,
पहिल्या बाकावरच्या पोरींची बोटं उसनी घ्यायचे.
इथं वसाहती तेराच.
नार्दीनची तीन घेतली की भागतं.
तिच्या अंगठीचं बोट जॉर्जिया.

बॉस्टनच्या बंदरात चहा फेकतात
तिथं माझा आवाज दरवर्षी पडतो.
पेट्याच्या पेट्या, खाऱ्या पाण्यात!
जेरिको विचारतो, मिस, तुम्हाला वाईट कशाचं वाटतं,
कराचं की चहाचं?
मी म्हणते, गप लिही.

मार्चमध्ये तोझ आलं. खिडकीबाहेर सगळं हळदीच्या रंगाचं,
समोरची इमारत गेली, मशिदीचा दिवा तेवढा राहिला,
आणि त्याच दिवशी एसी बंद पडला.
खेडचे परकार शिडीवर चढले, तोंडात स्क्रू धरून.
खाली आम्ही अमेरिकेच्या घटनेत घाम पुसत होतो.
माझ्या वहीत मराठीत लिहिलेलं असतं, तेच तोंडून निघालं :
चौदावी दुरुस्ती.
वरून परकार म्हणाले, काय दुरुस्त करताय, बाई?
कायदा.
चौदा वेळा?
सत्तावीस वेळा.
मग नवीनच का नाय घेत?

यझन वाचत होता.
आमच्याकडे वाचायची पाळी त्याची, कारण तो अडखळत नाही.
अडखळला.
परत वाचलं. मग मान वर न करता :
मिस, एवढंच? जन्मला, की झालं?

मी सांगितलं, एवढंच नाही रे.
आधी माणसं विकत. मग कोर्ट म्हणालं, हे नागरिक नव्हेतच.
मग युद्ध, सहा लाखांवर मुडदे,
तेव्हा कुठं हे एक वाक्य.
हे सगळं मी बोर्डाकडे बघून सांगितलं.
बोर्डावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

दोन सिग्नल पुढं दवाखाना आहे.
नार्दीन तिथली, जेरिको तिथला,
आत झोपलेली माझी केतकी तिथली.
तिचा दाखला मला वाचता येत नाही,
पण तिला निदान कोरेगाव आहे, विहीर आहे, भांडखोर काका आहेत.
यझनचा बापही इथलाच जन्मलेला.
त्यांच्या कागदावर देशाच्या रकान्यात
देश नाही, एक लांबलचक वाक्य आहे.
बापाची कंपनी ऑगस्टपर्यंत.
कंपनी गेली की कार्ड जातं, कार्ड गेलं की

मिस, हे परीक्षेत येईल?
हमखास, म्हणाले मी. खूण कर.
त्यानं इतकी दाबून रेघ मारली
की पुढच्या पानाला, पंधराव्या दुरुस्तीला, भोक पडलं.

एसी सुरू झाला. गार वारा आला, धुळीच्या वासाचा.
परकारांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला,
आणि जाताना यझनच्या डोक्यावर हात ठेवला,
नाव न विचारता.

जुलैत इस्तंबूलहून मेसेज.
काकांकडे आहे. पाचपैकी चार मिळाले.
चौदावीवर काही आलं नाही, मिस.
चहावर आलं.
आणि मी पेट्यांचा आकडा विसरलो.